परबांचा कान

"बांध गो घट्ट! नाहीतर म्हणशील, बाबांनी फटीतून बघितलं."

अक्षताने टॉवेलची गाठ आवळली. डोळे बांधलेले राजाराम परब गाडीकडे पाठ करून, पाच पावलं पुढे जाऊन छाती काढून उभे राहिले. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्यांच्या गॅरेजात दर दसऱ्याला हे व्हायचंच. पान्यांची पूजा झाली, त्यांच्यावर झेंडू चढले, की परबांनी नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखायचं. हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही. एकतीस वर्षांत एकदाही चूक नाही! उगाच नाही लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी त्यांना सोबत न्यायचे.

यंदा मात्र पैज होती. अक्षता डिप्लोमा करून गॅरेजात आली, तेव्हापासून बापलेकीचं एकच भांडण. ती लॅपटॉप जोडून इंजिनाचं दुखणं शोधायची, परब कानाने. परवा ती बोलून गेली, "बाबा, हल्ली तीन हाका मारल्याशिवाय तुम्ही ओ देत नाही." परबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरल्या गॅरेजात ते गरजले, "दसऱ्याला चुकलो, तर पाना तुझ्या हातात. मी घरी बसेन!"

गाडी होती शेजारच्या विद्याधरची. सेकंडहँड, कालच आणलेली, परबांना मुद्दाम न दाखवलेली.

"काका, तुम्ही काय घेतलं असतं? पेट्रोल की डिझेल?" विद्याधरने मोठ्याने विचारलं.

"डिझेलच रे! ताकद म्हणजे डिझेल. पाच माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढेल, हूं की चूं करणार नाही. वर लिटरमागे चार किलोमीटर जास्त. पेट्रोलचं काय, नुसतं पळतं. चढ आला की जीभ बाहेर!"

"आणि रोज अंधेरीपर्यंत ट्रॅफिकमध्ये रांगायचं, तिथे कसला घाट नि कसलं मायलेज?" अक्षताचा आवाज चढला. "तिथे पेट्रोलच बरं. शांत तरी असतं."

"शांत!" परब हसले. "इंजिन बोललं पाहिजे गो. मी घरी जेवायला बसलो तरी कानात डिझेल चालू असतं. त्याशिवाय घास उतरत नाही मला."

सगळे हसले. अक्षता गाडीत जाऊन बसली. मग सगळं चिडीचूप झालं. परबांनी मान तिरकी करून कान टवकारले. खरंच चुकलो तर? उद्यापासून घरात बसून करायचं काय?

आणि आला! तोच ओळखीचा आवाज. तडतड, तडतड, जड, दमदार. परबांचा जीव भांड्यात पडला.

"डिझेल!" ते ओरडले. "आणि विद्याधर, तुला फसवलं रे. इंजेक्टर ठोकतोय एक. उद्या घेऊन ये, बघतो."

कुणीतरी फिसकन हसलं. टाळ्या काही वाजल्या नाहीत.

"काय गो? हरलीस म्हणून दातखीळ बसली काय?"

"बाबा, टॉवेल काढा." आवाज अगदी कानाशी आला.

परबांनी टॉवेल ओढला. विद्याधर पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून आ वासून त्यांच्याकडे बघत होता. हातातलं लिंबू हातातच. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, हा नियमही परबांचाच. अक्षता समोर उभी होती. डोळे भरलेले, चावी मुठीत.

"बाबा, गाडी अजून चालूच केली नाही."

"खोटं बोलतेस!" परब धावले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. मग दुसराही हात ठेवला. त्यांनी दोन्ही कान गच्च दाबून धरले.

तडतड चालूच होती.