गार चिप

पडद्यावरचा तापमानाचा आकडा उतरायला तयार नव्हता. हृदयाचे ठोके सांभाळणारी ती चिप हाताला गार लागत होती, पण केसाहून हजारपट बारीक सेन्सरखाली तिचा एकच ठिपका निखाऱ्यासारखा तापला होता.

"सेन्सरच स्वतःच्या विजेने तापला असेल, नेहमीसारखा," शलाकाने मनाची समजूत घातली आणि त्याची वीज निम्मी केली. तसं असतं तर आकडा उतरला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे ठिपका खरंच तापला होता.

चहाचा कप घेऊन आठल्ये सर प्रयोगशाळेत आले. चिप त्यांनीच घडवलेली. अशीच एक चिप माणसात बसवायची वेळ आली तेव्हा पहिली छातीही त्यांनी स्वतःचीच पुढे केली होती.

"काय गं, बरं आहे ना आपलं बाळ?" डाव्या खांद्याखाली चोळत त्यांनी विचारलं. "कालपासून इथे आत जरा चुरचुरतंय."