उजेडाची रेघ

"काढ, काढ, थंड व्हायच्या आत काढ!" नवरा म्हणाला आणि तिने ओव्हनचं दार उघडलं. आत केकच्या ट्रेवर गाडीचा हेडलाइट बसला होता. त्याने जाड मोजे चढवलेल्या हातांनी तो उचलून ओट्यावरच्या जुन्या टॉवेलवर ठेवला आणि कडेच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला. उष्णतेने मऊ पडलेल्या काळ्या गोंदाच्या तारा ताणल्या गेल्या. काच सुटली.

"झाला का भाजून?" सासूबाईंनी दारातून विचारलं. "मला नको हो वाढू. माझे दात आधीच हलतायत."

छोटी खदाखदा हसली. ती पुढे धावू नये म्हणून आईने तिला दोन गुडघ्यांच्या मध्ये अडकवून ठेवलं होतं. तापलेला ओव्हन, फुटणारी काच, जमिनीवर सांडलेले स्क्रू. आईची नजर एका जागी ठरत नव्हती.

गाडी त्यांच्या लग्नाहून जुनी. तिचे दिवे मिणमिणते म्हणून त्याने मध्यंतरी पांढरेशुभ्र, झगझगीत बल्ब आणून बसवले होते. बल्ब नवा, पण मागची उजेड परतवणारी वाटी जुनीच. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी सैरावैरा पसरायचा. झाडांवर, गच्च्यांवर, लोकांच्या डोळ्यांत. "फार डोळ्यांवर येतो रे," ती एकदा म्हणाली होती. "समोरच्याने सावकाश यावं," त्याने उत्तर दिलं होतं. तिने पुढे वाद घातला नाही. वाद घालायला तिच्याकडे वेळ नव्हता. छोटीला थोपटता थोपटता तिने फोनवर वाचून काढलं, की भिंगाचा दिवा मिळतो, प्रोजेक्टर म्हणतात त्याला. तो उजेड गोळा करून खाली टाकतो. वर अंधार, खाली उजेड, मध्ये सरळ रेघ.

"कालव्याच्या वळणाची मला भीती वाटते," फोनवरचा तो दिवा दाखवत एवढंच ती त्याला म्हणाली. "एक दिवस काहीतरी होईल तिथे."

रात्रपाळीला तो रोज त्याच वळणावरून जायचा. "एवढी काळजी माझी?" म्हणून हसला, आणि पुढच्याच सुट्टीला ते भिंगाचे दिवे घेऊन आला.

अंधार पडेपर्यंत दोन्ही हेडलाइटमध्ये नवे दिवे घालून, काचा पुन्हा चिकटवून ते गाडीत बसवून झाले. गाडी आवारात भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याने दिवे लावले. भिंतीवर उजेडाची स्वच्छ रेघ उमटली.

"बघ! मारलीय की नाही पट्टी ठेवून?" तो हरखून गेला. बॉनेट उघडून त्याने एकेका दिव्याचा स्क्रू फिरवला. रेघ वर चढली. आणखी वर. "भिंतीतल्या खिडकीपर्यंत नेतो. लांबचं दिसायला पाहिजे."

"खाली घे."

"खाली घेऊन वळण कसं दिसेल? तुलाच भीती वाटते ना?"

"वाटते," ती म्हणाली. "जरा दिवे बंद कर."

तिने कोपऱ्यातली स्कूटर ढकलत आणली. गाडी आणि भिंतीच्या मध्ये, गाडीकडे तोंड करून उभी केली. वर बसून हेल्मेट घातलं. छोटीला पुढे, पायांपाशी उभं केलं.

"अगं, जेवायच्या वेळेला कुठे निघालात?" सासूबाईंनी वरून हाक मारली.

"कुठेच नाही, आई." मग ती नवऱ्याला म्हणाली, "लाव आता."

त्याने गाडीच्या खिडकीतून हात घालून दिवे लावले आणि पुन्हा बॉनेटपाशी आला.

छोटीने उजेडाकडे पाठ केली, तोंड आईच्या पोटात खुपसलं आणि दोन्ही मुठींनी तिचा कुडता घट्ट धरला. स्कूटर डगमगली. आईने पाय टेकून ती सावरली.

"काय झालं? घाबरली का?"

"नाही. रोज अशीच करते. तू वळणावरून कामाला जातोस तेव्हा."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "त्या वेळेला तुम्ही तिथे असता?"

"पाळणाघरातून घरी येत असतो. तू समोरून येतोस. मला नुसतं पांढरं दिसतं. मग कालव्याच्या कठड्याचा अंदाज घेत..." तिने वाक्य सोडून दिलं.

त्याने झगझगत्या दिव्यांकडे पाहिलं, मग स्कूटरकडे.

"तिथे एक स्कूटर असते," तो म्हणाला. "रोज वेडीवाकडी येते. मी तिला हॉर्न मारतो."

तो वाकला. आधी एक स्क्रू फिरवला, मग दुसरा. अगदी सावकाश, जणू हिसका बसला तर कुणाला लागेल. रेघ आईच्या हेल्मेटवरून कपाळावर आली. डोळ्यांवरून उतरली. हनुवटी, छोटीचे विस्कटलेले केस, तिचा कान, खांदा. मग हँडलच्याही खाली गेली आणि पुढच्या चाकापाशी थांबली. रस्ता असता तर लख्ख दिसला असता.

डोळ्यांवर अंधार आल्याचं छोटीला कळलं. तिने मुठी सोडल्या नाहीत, नुसती मान वळवली. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. दिव्यांच्या मागे, गोंदाने काळे झालेले हात घेऊन एक माणूस तिच्याकडे बघत उभा होता.

तिने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, तो रोजचा दिवा म्हणजे आपला बाबा?"