जपानीची तोंडी

“मॅडम, माझ्या पोरीला नापास करा.”

हौसानं आधी वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली आणि मगच तोंड उघडलं. रिकाम्या हातानं काही मागणं बरं दिसत नाही. धसईच्या त्या शाळेत संजीवनी मॅडमनी अशा पुष्कळ पिशव्या परत केल्या होत्या. कुणी काकड्या आणायचं, कुणी नवा तांदूळ, आणि मागणं सगळ्यांचं एकच: पोराला तेवढं पास करा. हे असलं मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

“सगळ्यात नको,” हौसा घाईनं म्हणाली. “गणितात, मराठीत हुशार हाय ती. तुमच्या त्या जपानीत तेवढी करा.”

मॅडम हसल्या. हौसा हसली नाही.

थोरली अनिता याच वर्गात, याच मॅडमच्या हाताखाली जपानी शिकली, पुढे म्हाताऱ्यांची देखभाल करायचा कोर्स करून थेट जपानला गेली. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊ घालते, भरवते, त्यांच्याशी गप्पा मारते. गावानं सत्कार केला, हारतुरे झाले. नवरा महिपत आधीच वारलेला, त्यामुळे घरी येऊन हार खुंटीला लावला तोही हौसानंच. आता धाकटी भूमिका दहावीला, आणि तिच्याही तोंडी तीच भाषा. हीसुद्धा त्याच वाटेला लागली तर भाताचं आधण ठेवायचं कुणासाठी, या विचारानं हौसाला रात्र रात्र झोप नव्हती.

“लगीन करून पोरी जातात, मॅडम, तरी जातात कुठं? टोकावड्याला, लय तर शहापूरला. सणाला घरी येतात. ही भाषा शिकली का पोर हातची जाते.”

मॅडमनी पिशवी हळूच तिच्याकडे सरकवली. “ताई, तुम्ही सांगायची गरजच नाही. भूमिका नापासच होतेय.”

“आँ?”

“परवा तोंडी परीक्षा घेतली. तिनं तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, घाबरली असेल. दुपारी बघते तर नळावर आठवीच्या मुलींना तीच उत्तरं शिकवत होती. बोलावून विचारलं, तर म्हणाली, मॅडम, मला जपानी येत नाही. तेसुद्धा जपानीतच म्हणाली. इतकं सफाईदार, की मलाही तसं जमत नाही.”

हौसा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळू लागली.

“दिवाळीनंतर हे असं चाललंय. घरी काही झालं का?”

घरी काय होणार? अनिताचा फोन आला होता आणि बोलता बोलता अर्ध्यात तुटला होता. फोन हातात तसाच धरून हौसा म्हणाली होती, ‘एक गेली, आता दुसरीपन जाईल. मग मी काय भिंतीशी बोलू?’ कुणाला ऐकवायला नव्हे, आपलं असंच. पण भूमिका तिथंच चुलीपाशी भाकऱ्या थापत बसली होती. तिचा हात मध्येच थांबला होता, ते हौसाला आता आठवलं.

“उद्या शेवटची संधी आहे,” मॅडम सांगत होत्या. “मुंबईहून परीक्षक येतायत. त्यांच्यापुढे बोलली तर दहावीनंतरचा कोर्स तिला फुकट मिळेल. नाहीतर विषय सुटला म्हणायचा.”

म्हणजे नवस बोलायच्या आतच देव पावला होता. आता हौसानं फक्त गप्प बसायचं, उद्याचा दिवस सरू द्यायचा, की लेक जन्माची जवळ. ती उठली आणि बाहेर आली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि एकटं पडायची भीती त्या लाजेहून मोठी होती.

शाळा सुटल्यावर भूमिका एसटीच्या थांब्यावर आली, तर तिथं आई उभी.

“आई, तू इथं कशाला गो?”

“बाजाराला आलती.” हौसानं पदर सारखा केला. “आनि आयक. तुझी बाईजामावशी येते आपल्याकडं ऱ्हायला. कायमची. सुनेशी पटत नाय तिचं. तवा तुला जायाचं तिकडं तू जा. मी काय एकटी नाय आता.”

बाईजाचं आणि तिच्या सुनेचं तर गुळपीठ होतं.

भूमिका आईच्या तोंडाकडे बघत राहिली. “खरंच? माझी शपथ?”

“लेकराची शपथ खात नसतात.” हौसानं स्वतःचाच गळा चिमटीत धरला. “माझ्या गळ्याशपथ.”

एसटी आली. दोघींना खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटते न सुटते तोच भूमिका म्हणाली, “उद्या माझी तोंडी हाय. म्हणून दाखवू?”

“दाखव.”

आणि पोर बोलायला लागली. बांध फुटून तुंबलेलं पाणी शेतात शिरावं तशी बोलत सुटली. स्वतःच प्रश्न विचारी, स्वतःच उत्तर देई, चुकलं की जीभ चावी, पुन्हा पहिल्यापासून म्हणे. दिवाळीपासून तिचा चेहरा असा फुललेला हौसानं पाहिला नव्हता. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघू लागली. लेक हसली की हौसा हसत होती, लेकीनं मान हलवली की मान हलवत होती.

भूमिका एकदम थांबली.

“कळतंय काय गो तुला?”

“नाय,” हौसा म्हणाली. “तू बोल.”