खातूनबीची जागा

संध्याकाळी हळदीच्या वखारीतल्या बायकांनी नळावर तोंडं धुतली. सगळ्यांची हळद उतरली. खातूनबीच्या डोळ्यांतली उतरली नाही.

मुकादमीण हरणाबाईनं तिला बाजूला घेतलं आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"ही हळद न्हाई, पोरी. कावीळ हाय. उद्या सांगलीतनं मिरजेच्या दवाखान्यात जायचं. बाई डाक्टर हाय तिथं."

"आवं मावशी, उन्हानं झालं आसंल. बरी हाय मी."

"पोटभर भाकरी कवा खाल्लीस?"

खातूनबीनं हनुवटी सोडवून घेतली.

"तपासून आल्याबिगर सुपाला हात लावायचा न्हाई."

खातूनबीचा नवरा दिलावर लढाईवर ब्रह्मदेशात. घरी आंधळी सासू. वखारीतली जागा गेली तर चूल पेटणार नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि पदर पुढं ओढून हळकुंडं पाखडायला बसली. हरणाबाईनं येऊन सूप काढून घेतलं.

"कळतंय मला!" खातूनबी सगळ्यांदेखत कडाडली. "तुमच्या मनुबाईला हितं बसवायचं हाय. म्हणून मला दुखणेकरी ठरवताय."

मनुबाई हरणाबाईची सून. दिवाळीपासून तिला वखारीत काम हवं होतं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे हात थांबले. हरणाबाईचा चेहरा उतरला, पण तिनं खातूनबीचा दंड सोडला नाही. तसंच धरून तिला टांग्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. कावीळ बरीच वाढली होती.

"अशीच राबली असती तर हाताबाहेर गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आता घरी पडून राहायचं. महिनाभर काम नाही."

परतताना टांग्यात खातूनबी तोंड फिरवून बसली.

वखारीचे मालक भाऊसो म्हणाले, "ऐन मोसमात जागा रिकामी ठेवून कसं भागंल? दुसरी बाई बघा."

"जागा भरलीया," हरणाबाई म्हणाली.

"कोण हाय?"

"मी."

सूप हातातून सुटून तिला कैक वर्षं झाली होती. तरी ती बसली. तिथूनच बायकांवर ओरडायची आणि पाखडत राहायची. त्या जागेची मजुरी दर आठवड्याला खातूनबीच्या सासूच्या हाती देऊन यायची. घरी मनुबाई जागा मिळाली नाही म्हणून फुगून बसली, तेही तिनं निभावून नेलं.

महिना उलटल्यावर खातूनबी आली. अंगात ताकद नव्हती, पण डोळे स्वच्छ होते. ती वखारीच्या दारातच थबकली. आत तिच्या जागेवर हरणाबाई बसली होती, पार केसांपर्यंत पिवळी. कंबर दुखत असावी, कारण मधेच थांबून ती पाठीला हात लावत होती.

खातूनबी वाटभर काय काय बोलायचं ठरवून आली होती. ते सगळं राहून गेलं. ती पुढं होऊन सुपाला हात घालत म्हणाली,

"उठा मावशी. कचरा सुपात ऱ्हातोय आन हळकुंडं भुईवर पडत्यात."

हरणाबाई मोठ्यानं हसली. तिला एकटीला उठता येईना. खातूनबीनं दोन्ही हात धरून तिला उभं केलं, आणि ती उभी राहिल्यावरही ते हात सोडले नाहीत.