सोडून ये

"ही खुर्ची मी घेणार नाही," थोरल्याने सांगितलं आणि पुन्हा हातातल्या विणीकडे बघायला लागला.

बाई दारातच थांबली. लांबच्या एका प्रार्थनाघराची झाडलोट आणि किल्ल्या तिच्याकडे असायच्या. बसमध्ये तीन तास ती खुर्ची मांडीवर घेऊन आली होती. खुर्चीचा वेत मधोमध फाटून लोंबत होता.

"कुठून आणली ते सांगितलं नव्हतं तोवर घेत होतात की. मग आता काय झालं?"

"देवाच्या दारचं काम आहे. माझ्या हाताने नको."

धाकटा कोपऱ्यात टबात वेताच्या पट्ट्या भिजवत होता. त्याचा एक पाय जन्मापासून अधू. वर न बघता तो म्हणाला, "घे की दादा. खुर्चीला काय कळतंय कुणी विणली ते."

दोघे भाऊ तीस वर्षांहून जास्त काळ हे एकच काम करत आले होते. धाकटा वेत भिजवून निवडायचा, थोरला विणायचा. एक पट्टी सैल निघाली तर तो सगळी बैठक उसवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, चालेल हो. हा म्हणायचा, तुम्हाला चालेल, वरच्याला चालणार नाही. कित्येकांना वाटायचं, दुकानाचा मालक वरच्या मजल्यावर राहतो.

बाई बाकावर टेकली. "असं कसलं पाप केलंत तुम्ही?"

"बाई, चहा टाकू का?" धाकट्याने विचारलं.

"टाक. पण मला सांगू दे," थोरला म्हणाला. "तुमच्याच प्रार्थनाघरात मला सेवेला घेणार होते. वय वीस. आईवडील गेलेले, घरी मावशी आणि हा. हा नऊ वर्षांचा. शपथेच्या दिवशी हट्ट धरून बसला, म्हणून बरोबर नेलं. गुरुजी सकाळी सगळ्यांसमोर बोलले, इथे येणाऱ्याने मागचे पाश तोडून यावं. नंतर आमच्यापाशी आले. याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, 'भावाला सोडून ये.'"

बाईने खुर्चीचा लोंबता वेत बोटांनी बाजूला सारला.

"देवाचाच शब्द तो. मला पाळता आला नाही. याला पाठुंगळी घेतलं आणि चालायला लागलो. वाटेत विचारलं, ऐकलंस ना काय म्हणाले ते? याने नुसती मान हलवली आणि माझा गळा घट्ट धरला. त्याच आठवड्यात घराला कुलूप लावून मावशीसकट या शहरात आलो. देवाच्या नजरेआड म्हणून. त्याच्या नजरेआड कोण जाऊ शकतं?"

"मग?"

"मग भोगलं. घरी पोचतो तर हा तापाने फणफणलेला. ती पहिली शिक्षा. वर्षाच्या आत मावशी गेली. माझं ठरलेलं लग्न मोडलं. आता डोळेही जात चाललेत."

"दादा, वेत जास्त भिजला की कुजतो," धाकटा म्हणाला. "बोलणं आवर."

थोरल्याने आवरलं नाही. "शेवटी म्हटलं, देवाच्या घरी सेवा नाही, तर माणूस जिथे टेकतो ती जागा तरी नीट करावी. त्या कामावर दिवस काढले. समाधान नाही असं नाही म्हणत. पण शब्द मोडला तो मोडलाच."

चहा ओतायला कुणी उठलं नाही. बाई कितीतरी वेळ धाकट्याकडे बघत होती.

"ही गुरुजींचीच खुर्ची," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात गेले ते. रोज संध्याकाळी ही दारात लावून बसायचे. कुणाची वाट बघताय विचारलं, तर सांगायचे, एक मुलगा धाकट्या भावाला घेऊन आला होता. लहानग्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. म्हणून मी म्हटलं, भावाला सोडून ये, आम्ही थांबतो. सगळे अंधार पडेपर्यंत थांबले. पुढे माणूस पाठवला तर घराला कुलूप. गुरुजी धरूनच चालले, की लहानगं दगावलं. मी त्या तापात त्याला घरी कशाला पाठवलं, इथेच निजवायला हवं होतं, म्हणायचे. शेवटपर्यंत त्या लहानग्याच्या नावाने प्रार्थना करत होते."

थोरल्याचे हात थांबले. पट्टी बोटांतून सुटली, तरी त्याला कळलं नाही.

"घरी सोडून ये म्हणाले होते?" त्याने विचारलं. "नुसतं घरी?"

"दुसरं काय म्हणणार हो? आजारी पोराला टाकून ये म्हणतील का ते?"

थोरल्याला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. ज्या शिक्षेसाठी तो एवढी वर्षं मान खाली घालून बसला होता, ती कुणी दिलीच नव्हती. त्याने बाह्यांनी डोळे पुसले आणि कोपऱ्याकडे वळला. "ऐकलंस का रे? मी केवढा मूर्ख. पुढे 'आम्ही थांबतो' म्हणाले होते, त्याचा अर्थसुद्धा मला लागला नाही. तू तरी तापात होतास, तुला कुठलं आठवायला."

धाकट्याने टबातून हात बाहेर काढले. कोरड्या फडक्याने एकेक बोट पुसलं.

"आठवतंय," तो म्हणाला. "तू माझ्या चपला शोधायला गेलास, तेव्हा गुरुजी माझ्या कानात म्हणाले, घरी जाऊन नीज बाळा, दादा रोज संध्याकाळी तुझ्याकडे येईल. मला नुसता संध्याकाळचा दादा नको होता."