दोन बोटं

"हे माझ्या पोरीला घालायचं नाही," लीला म्हणाली, आणि बारशाला जमलेल्या बायकांनी माना वळवल्या.

तिच्या हातात शेठाणीने आणलेली भेट होती. बाळाला पायापासून गळ्यापर्यंत घालून झोपवायची पिशवी. गुलाबी, चकचकीत, आतून गुबगुबीत. वर टोपी, टोपीला पांढरी लव, गळ्याशी आवळायला रेशमी नाडी. गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या त्या एका खोलीत एवढी देखणी वस्तू आजवर आली नव्हती, आणि अशी भेट आणणारी बाईही आली नव्हती. तिच्यासाठी खुर्ची शेजारून मागून आणली होती. तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात लीलाचा नवरा हेमराज चौदा वर्षं मागावर उभा होता. 'पुढच्या महिन्यापासून तुला मास्टर करतो, सगळे माग तुझ्या हाताखाली,' असं शेठ नुकतंच बोलला होता. शेठाणी स्वतः बारशाला आली म्हणजे ते झाल्यातच जमा. आणि ही बया म्हणते, घालायचं नाही!

"गप बैस व," सासू धुरपदाबाईने तिला कोपराने ढोसलं. "शेठाणीना मान राख."

"मान आहेच की. पण मानाने झोप येत नाही पोरीला."

बारा दिवसांची हर्षदा खाटेवर झोपली होती. खाटेखाली बाळंतिणीची शेगडी होती, निखारे लाल होते, ओव्याचा धूर वर येत होता. सव्वा महिना ती शेगडी तिथून हलणार नव्हती. उशाशी लीलाने शिवलेली दुसरी पिशवी होती, माहेरच्या जुन्या सुती लुगड्याची. हात काढायला दोन भोकं, खांद्यावर बंद, बस्स. चौथ्या दिवशी गोधडी सरकून पोरीच्या नाकातोंडावर आली तेव्हा लीलाच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. बाळंतिणीने सुई धरू नये म्हणतात. हिने त्याच दुपारी धरली. गळा मोजून घेतला: आत दोन बोटं जावीत, पण पोरीचं डोकं आत घसरू नये.

"पोरले भाजीनी थैलीमा घालस का?" असं सासूने तेव्हाही विचारलं होतं. लीला टाके घालत राहिली.

शेठाणी हसली. खालच्या माणसाला समजावताना हसतात तसं. "असल कॉटन छे, लीला. मार्केटमां सौथी मोंघी."

"कॉटन नाही बेन. पॉलिएस्टर आहे."

"तने शुं खबर पडे?"

लीला उठली. लुगड्याच्या पिशवीचा एक धागा ओढला आणि औक्षणाच्या ताटातल्या निरांजनावर धरला.

"अगं बाई!" शेजारची सरलाबाई ओरडली. "औक्षणाच्या दिव्यावर चिंध्या जाळतेस? आज? पोरीच्या बारशाला?"

धागा कागदासारखा जळाला. राख राहिली, ती तिने फुंकरीने उडवली. मग गुलाबी पिशवीच्या शिवणीतून एक धागा काढून तोही ज्योतीवर धरला. तो आक्रसला, गोळा झाला आणि पेटता थेंब होऊन ताटात टपकला. लीलाने नखाने खरवडून पाहिलं. काळा मणी ताटाला घट्ट चिकटून बसला होता.

"सूतही जळतं बेन, नाही म्हणत नाही. पण ते अंगावरून ओढून फेकता येतं. हे कातडीला चिकटतं. ओढलं तर कातडी घेऊन येतं. आणि माझी पोर शेगडीवर झोपते."

"आ बधुं तने कोणे शीखव्युं?" शेठाणीचं हसू गेलं होतं.

लीलाने हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर वाटाण्याएवढा डाग होता, कडेने सुरकुतलेला.

"तुमच्याच कारखान्यात शिकले. गरम सुरीने कापडाचा ताका कापताना थेंब पडला होता. शेठ म्हणाले, एवढ्याशा थेंबाने काय होतं, काम कर. चार वर्षं झाली. डाग अजून दुखतो."

शेठाणी उठून उभी राहिली. पदर सावरला. लीलाकडे तिने पाहिलंच नाही, थेट दाराशी उभ्या हेमराजकडे पाहिलं.

"हेमराज, तारी बैरीनी जीभ बहु लांबी छे. शेठने कहेवुं पडशे."

"माफी मांग व माय!" धुरपदाबाईचा आवाज रडवेला झाला. "पाया पड त्यासना! चौदा वरीस पाण्यात गयात!"

लीला हलली नाही. सगळ्या बायका आता हेमराजकडे बघत होत्या. तो शेठाणीसाठी थंड्याची बाटली घेऊन मघापासून तसाच उभा होता. बाटली गार, त्याचा हात ओला झालेला.

त्याने बाटली खाली ठेवली. पुढे येऊन लीलाच्या हातातली गुलाबी पिशवी घेतली. खाट त्याच्या उजव्या हाताला होती, शेठाणी डाव्या. त्याने पिशवीची नीट घडी घातली, टोपी आत दुमडली, नाडी गुंडाळली, आणि ती दोन्ही हातांनी शेठाणीपुढे धरली.

शेठाणीने ती घेतली नाही. तेव्हा त्याने ती खुर्चीवर ठेवली.

मग ओले हात पँटला पुसून तो खाटेवर वाकला. हर्षदाला उचललं, लुगड्याच्या पिशवीत अलगद सरकवलं, एकेक हात भोकातून बाहेर काढला आणि खांद्यावरचे बंद बांधले. मागावर तुटलेला धागा जोडताना त्याला कधी एवढा वेळ लागत नसे.

"लीले," तो मान वर न करता म्हणाला, "जरा बघ बरं, दोन बोटं जाताहेत ना?"