पहिली फेरी थोरल्याची

नंदीशनं लाल गाडीची दुसरी किल्लीही टेबलावर ठेवली, तेव्हा सिद्धारामांनी नजर काचेकडं वळवली.

होटगी रोडवरच्या त्या शोरूमच्या काचेपलीकडं दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक लाल, बुटकी, दोन दारांची, दुरुस्त होऊन पुन्हा नव्यासारखी झालेली. दुसरी पांढरीशुभ्र, लांबलचक सेडान, बॉनेटवर झेंडूचा हार. लाल द्यायची आणि पांढरी घ्यायची, असं ठरलं होतं.

“आतून एकदम सोफा आहे, सर,” सेल्समन कुमार म्हणाला. “खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलणार नाही.”

“डाव्या पायाला जागा किती हाय?” नंदीशनं विचारलं.

तेवढंच. वेग विचारला नाही, इंजिन विचारलं नाही. एकोणतीस वर्षांचा पोरगा म्हाताऱ्यासारखी गुडघ्याची चौकशी करत होता.

अक्कलकोट रोडवरच्या वळणावर लाल गाडी चिंचेच्या झाडाला धडकली, त्याला आठ महिने झाले होते. गाडीत दोघंच होते, बाप आणि लेक. सिद्धारामांच्या कपाळाला चार टाके पडले. नंदीशचा गुडघा मात्र असा चेंगरला, की आत पट्टी आणि स्क्रू बसले. आता वाकून त्या बुटक्या गाडीत शिरणं त्याला जमत नव्हतं.

लोक काय, बोलायला टपलेलेच असतात. सिद्धारामांचं चाटी गल्लीत चादरींचं दुकान. चाळीस वर्षांत त्यांच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं. समाजाच्या बैठकीत तरुण पोरांच्या वेगावर हटकून तेच बोलायचे. त्यांच्याच घरात हे घडलं म्हटल्यावर लोकांना विषय मिळाला.

अक्कलकोटच्या चन्नवीर मास्तरांनी तर आपल्या लेकीशी नंदीशचं ठरत आलेलं लग्न मोडलं. “बाप गाडीत असून ज्याला भान राहत नाही, तो आमच्या चंद्रिकेला काय जपणार?” असं त्यांनी तोंडावर विचारलं. नंदीश खाली बघत राहिला. आणि ज्यांच्या एका शब्दावर बैठकीतली भांडणं मिटायची, ते सिद्धाराम त्या दिवशी मुकाट्यानं सुपारी कातरत बसले. आपल्याइतका भित्रा माणूस सोलापुरात दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं. अजूनही वाटत होतं.

“तुमीच लाडानं घिऊन दिली की ती बोंबलणारी गाडी,” रत्नम्मा नवऱ्याला रोज ऐकवायच्या.

“व्हय, चुकलंच माझं,” सिद्धाराम म्हणायचे, आणि ताटावरून उठायचे.

आता सही करायच्या आधी नंदीश लंगडत बाहेर गेला आणि लाल गाडीच्या टपावरून त्यानं एकदा हात फिरवला. सिद्धाराम त्याच्या मागं गेले.

“राहू दे रे ती. दोनी ठेवू.”

“कशाला, अप्पा? कोण चालवणार?” नंदीश हसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी मास्तरांकडं जाऊन येतो. बोलतो त्यांच्याशी.”

“काय बोलणार? झालं ते झालं. तुमी बैठकीत निवांत बसा. लोकांना तुमचं ऐकायची सवय हाय.”

सिद्धाराम आत वळले.

सह्या झाल्या. पांढऱ्या गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवली गेली. सोबत आलेल्या रत्नम्मांनी बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि नारळ फोडला. नव्या गाडीची पहिली फेरी घरातल्या थोरल्यानं चालवायची, थेट सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत, ही त्यांच्या घरची रीत. दारात बैलगाडी होती तेव्हापासूनची.

कुमारनं किल्ली पुढं केली. सिद्धारामांनी हात मागं घेऊन नंदीशकडं बघितलं.

“मला आता नीट दिसत न्हाय. तूच घे चालवायला.”

“रीत मोडता?” रत्नम्मा कडाडल्या. “आदीच काय कमी झालंय व्हय? आन् तुमच्या लेकाच्या हातात तर मी स्टेअरिंग देणार न्हाय, सांगून ठेवते!”

शोरूममधली चार माणसं वळून बघायला लागली. नंदीशनं मान खाली घातली. सिद्धाराम निमूटपणे स्टेअरिंगपाशी जाऊन बसले.

रत्नम्मा गाडीच्या मागं नारळाची भकलं वाटत होत्या. नंदीश शेजारच्या सीटवर बसला, दुखरा पाय जपून आत घेतला, पट्टा लावला आणि बापाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

“अप्पा, वळणावर ब्रेक दाबा बरं का. मीच चालवत होतो, हे लोकांना दुसऱ्यांदा सांगायला लावू नका.”